हौशांची बाजू

‘हौशी’ या शब्दाइतका सौजन्याने केलेला अपमान मराठीत दुसरा नसेल. एखाद्याच्या कवितेला कोणी वाईट म्हटले, तर निदान ती वाचली गेली असे मानता येते. ‘हौशी’ म्हटले की वाचण्याचेही कारण उरत नाही. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक जमतात, असे आपल्याकडे म्हणतात. नवस फेडायला आलेल्याला देवळात वाट मिळते, गवशाला काही ना काही गवसते. हौशा तेवढा धूळ खाऊन परत जातो. कलेच्या जत्रेतही परीक्षकांनी हाच न्याय चालवला आहे. ज्याने कलेला पोटाचा धंदा केला तो गंभीर, आणि ज्याचे पोट दुसरीकडे भरते तो हौशी. या मासिकाचे लेखक आणि वाचक बहुतेक सरकारी नोकर. बदलीच्या गावी, फायली बाजूला सारून, रात्री लिहिणारे आणि वाचणारे. पुण्यामुंबईकडून आलेल्या पत्रात ‘नोकरी सांभाळून आपण बरेच करता’ असे वाक्य त्यांच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ते वाक्य कौतुकाचे नाही, निकालाचे आहे.

त्या निकालावर मला अपील करायचे आहे. पण त्यासाठी मराठी दाखला मी मुद्दामच घेत नाही. आपल्या माणसाची कैफियत मांडताना आप्तभाव आड येतो आणि प्रतिपक्षाला तेवढेच निमित्त पुरते. म्हणून दाखला घेतो तो इंग्लंडातील ऑक्सफर्डचा, आणि तोही आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आलेला. १९८६ साली तेथे निघालेल्या ‘टलूला गॉश’ नावाच्या बँडची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे, हा तो दाखला. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल डगले घातलेले वरातीतले वाजंत्री उभे राहतात. येथे तसले काही नाही. दोन गिटारी, एक ड्रम आणि दोन मुलींचे आवाज, एवढाच हा संसार होता.

गाणाऱ्या दोघी म्हणजे अमेलिया फ्लेचर आणि एलिझाबेथ प्राइस. दोघींचाही जन्म १९६६ चा. एक अर्थशास्त्र शिकत होती, दुसरी चित्रकला. ग्लासगोच्या ‘द पेस्टल्स’ या बँडचा बिल्ला दोघींच्याही कपड्यांवर होता आणि त्यावरून ओळख झाली, अशी हकीकत सांगतात. गिटारवर पीटर मॉमचिलॉफ, बास गिटारवर ख्रिस स्कॉट, आणि ड्रमवर अमेलियाचा धाकटा भाऊ मॅथ्यू, जो तेव्हा पुरता मिसरूड फुटलेलाही नसावा. बँडचे नाव क्लेअर ग्रोगन या गायिकेच्या एका मुलाखतीतून उचललेले. त्याला काही अर्थ नाही. म्हणायला गोड आहे, इतकेच.

पहिले गाणे बाहेर आले ते कागदासारख्या लवचिक तबकडीवर. ही तबकडी ‘रेझरकट्स’ नावाच्या दुसऱ्या बँडबरोबर अर्धी वाटून घेतलेली होती, आणि ती फॅनझीनबरोबर मिळे. फॅनझीन म्हणजे रसिकांनी स्वतः टंकून, कात्रणे चिकटवून, झेरॉक्स काढून काढलेली पत्रिका. त्याच वर्षी ‘बीटनिक बॉय’ आणि ‘स्टीमिंग ट्रेन’ या लहान तबकड्या निघाल्या. त्या काढल्या एडिंबरोच्या ‘फिफ्टी थर्ड अँड थर्ड’ या छोट्या संस्थेने, जिच्या चालकांपैकी एक त्याच पेस्टल्सचा गायक होता. बिल्ल्यापासून तबकडीपर्यंतचा रस्ता असा जवळचा होता. त्यानंतर प्राइस बाहेर पडल्या, त्यांच्या जागी एथ्ना फॅरी आल्या. १९८७ मध्ये आणखी दोन तबकड्या, १९८८ मध्ये ‘टेस्टकार्ड गर्ल’, आणि खेळ खलास. सगळा कारभार दोन वर्षांचा. फ्लेचर आणि प्राइस यांचे आवाज एकत्र ऐकायचे तर त्या पहिल्या मूठभर गाण्यांवाचून दुसरा मार्ग नाही.

आता या गाण्यांवर तेव्हा काय ठपका ठेवला गेला ते पाहा. इंग्लंडच्या संगीतविषयक साप्ताहिकांनी त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी एक विशेषण कायम केले: ‘ट्वी’. इंग्रजी ‘स्वीट’ या शब्दाचा बोबड्या मुलाच्या तोंडून होणारा उच्चार म्हणजे हे ‘ट्वी’. बालिशपणाचा आरोप करायला टीकाकारांनी बोबडा शब्द निवडावा, यातली गंमत त्यांच्या लक्षात आली नसावी. आरोपाचा मसुदा असा की, या मुली लहान मुलींसारखे केस बांधतात, त्यात मुलींच्याच क्लिपा लावतात, ठिपक्यांचे जुने झगे घालतात, वर पावसाळी अ‍ॅनोरॅक चढवतात, गातात ते प्रेमाबिमाबद्दल, आणि गातात तेही गळा न कमावता. सारांश, यांना मोठे व्हायचे नाही.

हा आरोप किती खरा आहे हे तपासायला दुसरा एक बँड शेजारी उभा करावा लागतो. न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ यांची पहिली तबकडी १९७६ ची. तिच्यात चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. तीन-चार स्वरमेळ, दोन-दोन मिनिटांचा धबडगा, आणि त्यांतल्या एका गाण्याचे नाव आहे ‘आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड’. म्हणजे आशय तोच: पोरवयातले प्रेम. कसब तेवढेच. पण या चौघांनी कातडी जाकिटे घातली होती आणि ते पुरुष होते. त्यांना कोणी बोबडे म्हटले नाही. पंक संगीताचे आद्य पुरुष म्हणून त्यांची स्थापना झाली, आणि त्यांच्या साधेपणाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. ‘फिफ्टी थर्ड अँड थर्ड’ हे नावही रमोन्सच्याच एका गाण्यावरून ठेवलेले आहे. ऑक्सफर्डच्या या मंडळींना आपले गोत्र पक्के ठाऊक होते. मुलांनी साधे वाजवले तर तो जोम, मुलींनी साधे वाजवले तर तो पोरकटपणा! टीकाकारांनी हे दुहेरी माप कधी कबूल केले नाही, पण वापरले मात्र रोज.

शिवाय ज्यांनी ‘ट्वी’ म्हटले त्यांनी ऐकले तरी किती, अशी शंका येते. या बँडचे एक गाणे ‘ब्रेक युअर फेस’ नावाचे आहे. त्याला बालगीत म्हणणाऱ्याची मुले कशी असतील कोण जाणे. ‘टेस्टकार्ड गर्ल’ तर करवतीसारखे चालते. त्या नावाची मुलगी इंग्लंडात घराघरांत माहीत होती. १९६७ पासून बी.बी.सी. दूरचित्रवाणीवर कार्यक्रम नसतील तेव्हा एक स्थिर चित्र दाखवीत. त्यात फळ्यापाशी फुली-गोळा खेळणारी एक मुलगी आणि तिच्याजवळ विदूषकाची बाहुली. अवघ्या देशाने वर्षानुवर्षे जिच्याकडे पाहिले आणि जिला एकदाही तोंड उघडू दिले नाही, अशी ती आकृती. गाण्याला हे नाव देणाऱ्यांना आपल्या अंगाला चिकटवलेल्या ‘लहान मुलगी’ या बिल्ल्याची जाण नव्हती, असे मी तरी मानणार नाही.

दुसरा ठपका अनुकरणाचा. म्हणे हे सारे १९६० नंतरच्या मुलींच्या गायकवृंदांवरून उचललेले: रोनेट्स, शँग्रीलाज वगैरे. होय, उचललेले आहे. दोन आवाजांचे गुंफणे, मध्येच बोलल्यासारखे गाणे, ते ‘ऊ’ आणि ‘आ’, वेशाचा थाट, सगळे तिथलेच. परंतु काय उचलले याबरोबर काय तिथेच ठेवून दिले हेही पाहायला नको का?

रोनेट्सचीच कथा घ्या. कचेरीत करारनामे वाचणाऱ्या वाचकांना ती विशेष समजेल. तीन मुली, १९६३ साली त्यांनी निर्माता फिल स्पेक्टर याच्या कंपनीशी करार केला. ‘बी माय बेबी’ त्याच वर्षीचे. जगभर गाजलेल्या या गाण्यांपोटी त्या तिघींना मिळून एकदाच सुमारे १५,००० डॉलर आगाऊ मिळाले; पुढे रॉयल्टीचा पैसा आला नाही. चित्रपटांत, जाहिरातींत गाणी वाजत राहिली. त्यांनी दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला, आणि २००२ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, करारात गायिकांनी कोणताही हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसल्यामुळे ध्वनिमुद्रणांची पूर्ण मालकी निर्मात्याची. चित्रपटांतील वापराचे काही मिळायचे नाही. विक्रीवरचे करारात लिहिलेले तेवढे मिळेल. आवाज त्यांचा, मालकी त्याची. शँग्रीलाजची मुख्य गायिका मेरी वाइस १९६४ साली देशभर गाजली तेव्हा पंधरा वर्षांची होती. गाणे कोणते, वाद्यमेळ कसा, तबकडी केव्हा काढायची, यांतले काही या मुलींच्या हाती नव्हते. बहुतेक गाणीही दुसऱ्यांची. त्यांत एली ग्रीनिच यांच्यासारख्या स्त्रियाही होत्या, हे मान्य. पण गाणाऱ्या मुलीला तिच्याच गाण्यात मत नव्हते.

वीस वर्षांनी ऑक्सफर्डच्या मुलींनी तो सूर घेतला आणि करारनामा घेतला नाही. गाणी स्वतः केली, नाव स्वतः ठेवले, कपडे जुन्या बाजारातून स्वतः निवडले. एथ्ना फॅरी यांनी पुढे २००६ साली स्वतः कपडे शिवण्यावर पुस्तकच लिहिले. याला अनुकरण म्हणणे म्हणजे वडिलांचे घर गहाणातून सोडवून आणणाऱ्या मुलाला ‘जुन्याच घरात राहतो’ म्हणून हिणवणे. आणि स्मरणरंजनाचा मुद्दा तर उभाच राहत नाही. १९६६ साली जन्मलेल्यांना १९६३ ची आठवण कोठून येणार? त्यांना तो काळ आठवत नव्हता. त्यांना त्याचा उपयोग होता.

आता तिसरा ठपका, आणि तो खरा जड आहे: वाजवणे कच्चे आहे. आवाज काही ठिकाणी सुराच्या कडेवर डळमळतो, ड्रम घाईला येतो, गिटारी एकमेकींच्या पायांत येतात, ध्वनिमुद्रण पातळ आहे. यातले मला काहीही नाकारायचे नाही. सगळी गाणी सारखी चांगली आहेत असेही नाही. दोन-तीन तर चाल सुचली म्हणून केली आणि शेवट सुचला नाही म्हणून थांबवली, अशी वाटतात. परंतु कच्चेपणा आणि अपुरेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमचे परीक्षक त्या एकाच रकान्यात भरतात.

‘बीटनिक बॉय’ऐकताना काय होते ते सांगतो. दोन्ही आवाज एकाच वयाचे, जवळजवळ एकाच जातीचे, पण एकजीव न झालेले. कमावलेल्या गायिकांना बसवले असते तर त्यांनी ते आवाज असे काही मिळवले असते की एकच रेशमी पट्टी झाली असती. इथे दोन मैत्रिणी एका बाकावर बसून एकच गोष्ट एकाच वेळी सांगू लागल्या आहेत असे वाटते. एक किंचित पुढे जाते, दुसरी तिला गाठते, आणि त्या किंचित अंतरात सगळा जीव आहे. मागे ड्रम धावतो आहे तो त्या दोघींना गाठायला. ही घाई चूक म्हणून काढून टाकली, तर गाणे सुधारणार नाही. ते दुसरेच गाणे होईल. ध्वनिमुद्रणाचा पातळपणाही असाच. स्पेक्टरने वाद्यांवर वाद्ये रचून ध्वनीची भिंत उभी केली, असे म्हणत. या मुलांपाशी भिंतीला विटा नव्हत्या. त्यामुळे झाले असे की भिंतीमागची माणसे दिसू लागली.

हे दारिद्र्याचे गुणगान नव्हे. या प्रकारच्या ध्वनिमुद्रणाला एक परंपरा आहे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने डिसेंबर १९७६ मध्ये उसनवारीच्या सुमारे ५०० पौंडांत चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये आपली आपणच विकायला काढली. मोठ्या कंपनीची परवानगी न घेताही तबकडी निघू शकते हे त्यामुळे दिसले, आणि मग गावोगाव छोट्या संस्था निघाल्या. दुकानदारांनी मिळून वितरणाची साखळी उभारली आणि तिला विनोदाने ‘द कार्टेल’ असे नाव दिले. एडिंबरोहून टलूला गॉशच्या तबकड्या ज्या वितरकाकडून निघत, तो त्याच साखळीतला एक दुवा होता. हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

इथवर विरोधकांशी बोललो. खरे भांडण माझे समर्थकांशी आहे.

गेल्या काही वर्षांत या बँडच्या सुरुवातीच्या गाण्यांना प्रतिष्ठा लाभली आहे, पण ती कशी? लेख निघतात ते असे: पाहा, त्या वेळी यांना बालिश म्हटले, आणि पुढे काय झाले! फ्लेचर यांनी ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. २००१ ते २०१३ या काळात त्या ब्रिटनच्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी खात्याच्या मुख्य अर्थशास्त्रज्ञ होत्या. २०१४ मध्ये त्यांना राजसन्मान मिळाला. त्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. प्राइस यांना २०१२ साली दृश्यकलेतील प्रख्यात टर्नर पारितोषिक मिळाले. मॉमचिलॉफ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांचे संपादक झाले. फॅरी साहित्यविषयक पत्रकार झाल्या. तेव्हा ही मंडळी सामान्य नव्हती, आणि म्हणून ती गाणीही सामान्य नसणार.

या ‘म्हणून’वर माझा आक्षेप आहे, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाला समजेल. कचेरीच्या स्नेहसंमेलनात साहेब कविता वाचतात तेव्हा काय होते हे कोणाला सांगायला हवे? पहिल्या ओळीलाच ‘वा!’ येते. कारकुनाने तीच कविता वाचली तर लोक चहाची चौकशी करतात. कवितेकडे न पाहता हुद्द्याकडे पाहून दिलेली दाद आणि हुद्द्याकडे पाहून केलेली उपेक्षा, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हींत कविता कोणी ऐकलेली नसते. टलूला गॉशच्या समर्थकांनी नेमके हेच केले आहे. १९८६ चे टीकाकार म्हणाले, ‘ही तर पोरे आहेत’. आजचे समर्थक म्हणतात, ‘ही तर मोठी माणसे आहेत’. तबकडी दोघांच्याही लेखी तिच्या कागदी पाकिटातच राहिली.

समजा, फ्लेचर पुढे कोणत्याही खात्याच्या मुख्य वगैरे झाल्या नसत्या. समजा, त्या एखाद्या लहान गावात टपाल-कचेरीत तिकिटे विकत असत्या. मग ‘बीटनिक बॉय’चा एखादा सूर कमी झाला असता काय? जपानमधील ओसाकाच्या ‘शोनेन नाइफ’ या मुलींच्या बँडनेही १९८१ पासून अशीच रमोन्सच्या वळणाची, साध्या चालींची गाणी केली आणि आरंभी कचेरीतल्या नोकऱ्या सांभाळूनच केली. त्यांच्यापैकी कोणी सरकारी अर्थशास्त्रज्ञ झाले नाही. त्यांच्या पहिल्या गाण्यांची कॅसेट १९८५ साली अमेरिकेतील ऑलिंपिया या छोट्या राजधानीच्या गावातून ‘के रेकॉर्ड्स’ या संस्थेने काढली. त्याच संस्थेने १९९६ मध्ये टलूला गॉशची गाणी एकत्र करून प्रसिद्ध केली. या संस्थेने दोघींना एकाच फळीवर ठेवले ते ऐकून ठेवले, सेवापुस्तिका तपासून नव्हे.

टर्नर पारितोषिकाचा युक्तिवाद तर अधिकच फसवा आहे, कारण तो वरवर कलेच्या आधाराने चालतो. प्राइस यांची ती कृती म्हणजे ‘द वूलवर्थ्स क्वायर ऑफ १९७९’ नावाचा वीस मिनिटांचा चलच्चित्रपट. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानाला आग लागून दहा माणसे मेली. त्या आगीची वृत्तचित्रे, जुन्या चर्चची वास्तुरचना, आणि शँग्रीलाजसारख्या गायिकांच्या नाचाचे हातवारे हे तिन्ही त्यात एकमेकांत गुंफले आहेत. खिडकीच्या गजांतून मदतीसाठी हलणारा हात आणि गाणाऱ्या मुलीचा हात एकमेकांना जोडले जातात तेव्हा अंगावर काटा येतो. मोठी कृती आहे, यात शंका नाही. मग समर्थक म्हणतात: पाहा, त्या पोरवयातल्या गाण्यांतच हिचे बीज होते! आता बीज म्हटले की वाक्य स्तुतीचे वाटते. पण त्याचा अर्थ असा होतो की ती गाणी स्वतः काही नव्हती, झाडासाठी होती. मला ती बीज म्हणून नकोत. ती दोन-तीन मिनिटांत सुरू होऊन पुरी होणारी गाणी आहेत आणि त्यांच्यामागून काही आले नसते तरी ती पुरीच राहिली असती.

यावर माझे एक विद्वान स्नेही म्हणतात, ‘मग त्यांनी हे जन्मभर का केले नाही? त्यांना स्वतःलाच त्यात राम वाटला असता, तर नोकऱ्या का धरल्या?’ प्रश्न जुना आहे. लोकहितवादी सरकारी नोकरी करीत शतपत्रे लिहीत होते, तांबे मध्य हिंदुस्थानच्या संस्थानांत चाकरी करीत होते, मर्ढेकर आकाशवाणीत होते. त्यांना हा प्रश्न कोणी विचारल्याचे आठवत नाही, कारण आता ते ‘वाङ्मयात’ गेले. पण हयात माणसाने नोकरी धरली की त्याच्या कलेला खोटे ठरवणे सोपे जाते.

आणि वस्तुस्थितीही स्नेह्यांच्या विरुद्ध आहे. फ्लेचर यांनी गाणे सोडले, हे कोणी सांगितले? १९८९ मध्ये टलूला गॉशच्याच बहुतेक मंडळींनी ‘हेवन्ली’ काढला. त्यात १९९३ साली ‘हार्ट्स अँड क्रॉसेस’ हे बलात्कारावरचे गाणे आले, तेही त्याच गोड आवाजात, आणि त्या गोडीमुळेच ते ऐकवत नाही. मॅथ्यू १९९६ मध्ये वारला आणि तो बँड थांबला. पुढे निराळ्या नावांनी काम चालूच राहिले. मुख्य अर्थशास्त्रज्ञपदाच्या त्या बारा वर्षांतच ‘टेंडर ट्रॅप’ या बँडच्या तबकड्या निघाल्या. पहिली २००२ ची. दिवसा ज्या खात्यात त्या काम करीत, त्याचे एक काम व्यापाऱ्यांची संगनमते, म्हणजे खरीखुरी ‘कार्टेल्स’, मोडण्याचे होते; आणि त्यांच्या पहिल्या तबकड्या दुकानांत पोहोचल्या त्या थट्टेने ‘द कार्टेल’ म्हणवणाऱ्या साखळीतून! एवढ्या योगायोगाला नशीबही हसत असेल.

पण मी गंभीरपणे म्हणतो, त्या नोकरीने गाण्याचे काय नुकसान केले ते कोणी दाखवून द्यावे. उलट धंद्याने केलेले नुकसान मी दाखवू शकतो; रोनेट्सचा निकालच पुढे ठेवतो. ज्याला पुढच्या महिन्याचे भाडे गाण्यातून काढायचे असते, त्याला निर्मात्याचे ऐकावे लागते, आणि निर्माता म्हणतो, ‘ते दोन आवाज जरा नीट मिळवा’. टलूला गॉशला हे सांगणारे कोणी नव्हते. आणि असते तरी त्यांना ऐकण्याची गरज नव्हती, कारण त्यांचे पोट त्यावर नव्हते. दोन वर्षांनी थांबावेसे वाटले तेव्हा त्या थांबल्या, हेही त्यातच येते. त्या संगीतमंडळींत थांबण्यालाही एक शिस्त होती. ज्या ‘सेअरा रेकॉर्ड्स’ने १९९१ साली टलूला गॉशची बी.बी.सी. नभोवाणीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली, त्या ब्रिस्टलच्या संस्थेने १९९५ मध्ये शंभरावे प्रकाशन काढले आणि चालते दुकान आपण होऊन बंद केले. नवशाला हे जमत नाही. नवस फिटेपर्यंत त्याला रांगेत उभे राहावेच लागते. गवशा तर काही हाती लागेपर्यंत हलतच नाही.

हौस म्हणून केलेले सारेच चांगले, असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या पुष्कळशा हौशी कविता वाईटच असतात, आणि धंदेवाईकांच्याही पुष्कळशा. वाईट कवितेला वाईट म्हणा. तिच्यात काय मोडले आहे ते ओळ दाखवून सांगा. परंतु ‘नोकरी सांभाळून’ हे कवितेबद्दलचे विधान नाही; ते कवीच्या दिनक्रमाबद्दलचे विधान आहे, आणि ते त्याच्या वरिष्ठाने करावे, परीक्षकाने नव्हे.

टलूला गॉशची जवळजवळ सगळी ध्वनिमुद्रणे ‘वॉज इट जस्ट अ ड्रीम?’ या नावाने २०१३ मध्ये एकत्र निघाली आहेत. माझ्या स्नेह्यांनी त्यांतली पहिली चार-पाच गाणी, कोण पुढे काय झाले हे विसरून, दोनदा ऐकावी. त्यानंतरही ती अपुरी वाटली, तर कोठे अपुरी आहेत ते लिहून याच मासिकाकडे पाठवावे. उत्तर मी देईन. फक्त पत्राच्या माथ्यावर आपला हुद्दा लिहू नये.